वळायचं कोणी?

पावसाळी ढगातून दोन विमानं एकाच वेळी दोन समांतर धावपट्ट्यांकडे उतरत असतात. शेजारी शेजारी, जवळपास एकाच उंचीवर. कॉकपिटच्या काचेबाहेर नुसतं पांढुरकं धुकट, एकाला दुसरं दिसत नाही. एरवी विमानतळाच्या आसपास दोन विमानांमध्ये तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, नाहीतर उंचीत हजार फूट अंतर राखावं लागतं. इथेही मार्गाला लागेपर्यंत एकाला दुसऱ्याच्या हजार फूट वर ठेवतात. पण एकदा दोघं आपापल्या सरळ रेषेत आली की मधलं अंतर दीड किलोमीटरहूनही कमी असू शकतं.

एवढ्या जवळिकीला परवानगी मिळते ती एका रिकाम्या जागेच्या भरवशावर. दोन्ही मार्गांच्या बरोबर मध्ये ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा आखलेला असतो. त्याला नो ट्रान्सग्रेशन झोन म्हणतात, कंट्रोलर मंडळी नुसतं एनटीझेड. त्यात कोणीही शिरायचं नाही. हा पट्टा दिसतो फक्त रडारच्या पडद्यावर, आणि त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला माणसं बसवलेली असतात, दर धावपट्टीला एक मॉनिटर कंट्रोलर. विमानांची रांग लावणं दुसऱ्यांचं काम, उतरायची परवानगी टॉवरची. यांनी फक्त पट्टा राखायचा. त्यासाठी टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर, चालू बोलण्याच्या वरून बोलण्याची सोय त्यांना दिलेली असते.

हा पट्टा राखायला शिकणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट.

मुलगी कराडची. वडील एसटीत ड्रायव्हर, बरीच वर्षं चिपळूण-कराड गाडीवर, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली, परीक्षा देऊन एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, लागली आणि प्रशिक्षणासाठी महाराष्ट्राबाहेर गेली. तिथले एक शिक्षक नागपूरचे निघाले. वर्गात सगळं इंग्रजीत चाले, वर्गाबाहेर दोघं मराठीत बोलत. तिच्या डोक्यात नवी मुंबई होती. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे दोन विमानं शेजारी शेजारी उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. नवी मुंबईचा आराखडा मात्र दोन समांतर धावपट्ट्यांचा आहे, मधलं अंतर १,५५० मीटर. २०२५च्या डिसेंबरात तिथून विमानं सुरू झाली ती एकाच धावपट्टीवर. दुसरी होईल तेव्हा आपण तिथे असायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

त्या दिवशीच्या सिम्युलेटरच्या सरावात धावपट्ट्यांमधलं अंतर १,३१० मीटर धरलं होतं. डावी धावपट्टी तिच्याकडे, उजवी तिच्या बॅचमधल्या एका मुलाकडे. पलीकडच्या खोलीत स्यूडो पायलट बसलेले, म्हणजे पायलटच्या आवाजात उत्तरं देणारी आणि कीबोर्डवरून पडद्यावरची विमानं हलवणारी माणसं. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग उजवीकडचं एक विमान आपली रेषा सोडून डावीकडे कलायला लागलं.

मुलाने लगेच हाक दिली: तुम्ही फायनल अप्रोच कोर्स ओलांडलाय, ताबडतोब उजवीकडे वळा, लोकलायझरच्या रेषेवर परत या. उत्तर नाही. त्याने पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. विमान पट्ट्यात शिरलं. मुलगी बघत होती. तिचं विमान आपल्या रेषेवर ओळंब्यासारखं सरळ, वेग बरोबर, उंची बरोबर. ती त्याला काहीही बोलली नाही. पडद्यावरचे दोन ठिपके एकमेकांत मिसळले आणि सरांनी सराव थांबवला.

"तुझ्या विमानाला काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही सर. ते बरोबर चाललं होतं."

"तेच विचारतोय. का नाही सांगितलंस?"

"सर, चूक त्या बाजूची होती. माझ्या बाजूला काहीच चुकलं नव्हतं. ज्याने काही केलं नाही त्याला अप्रोच सोडायला लावायचं? त्याचं इंधन जाणार, वेळ जाणार, आतली माणसं घाबरणार. वळायला हवं होतं ते दुसऱ्याने."

मुलीचा हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. न्यायाची जाण असलेलं कोणीही हेच विचारील. सरांनीही तो हसण्यावारी नेला नाही. ते फळ्याकडे गेले आणि आकडे लिहायला लागले. उतरताना विमानाचा वेग दीडशे नॉट धरला तर सेकंदाला ७७ मीटर. ते ३० अंशांनी तिरकं वळलं तर आडव्या दिशेने निम्म्या वेगाने सरकतं, सेकंदाला ३८ मीटर. १,३१० मीटरमधून पट्ट्याचे ६१० वजा केले की दोन्ही बाजूंना ३५० मीटर उरतात. म्हणजे विमान रेषा सोडल्यापासून नऊ सेकंदांत पट्ट्याच्या कडेला. पुढच्या सोळा सेकंदांत पट्टा पार. त्यानंतर नऊ सेकंदांनी शेजाऱ्याच्या रेषेवर.

"एवढंच भांडवल," सर म्हणाले. "एक हाक मारून उत्तराची वाट बघण्यात सहा-सात सेकंद जातात. त्याने दोनदा हाक मारली, त्याचं काम बरोबर केलं. पण तू काय धरून बसलीस? की तो कधीतरी ऐकेल. तो का ऐकत नाहीये हे तुला माहीत आहे का? रेडिओ बंद पडला असेल. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असेल. आत काही बिघडलं असेल आणि दोघंही त्यातच गुंतले असतील. किंवा त्यांना वाटत असेल की आपण बरोबरच आहोत. यातलं काहीही असलं तरी त्या क्षणी ते विमान कोणाच्याच हातात नाही. तुझं विमान मात्र तुझं ऐकतंय, त्याचं सगळं जागच्या जागी आहे. म्हणून नियम असा आहे की भरकटलेलं विमान पट्ट्यात शिरलं, किंवा शिरणार असं तुला वाटलं, तर शेजारच्याला हलवायचं. ज्याला काही करता येण्यासारखं आहे, मागायचं त्याच्याकडेच."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, माझे बाबा घाटात असंच करतात. समोरून एखादा ट्रक ओव्हरटेक करत आमच्या बाजूला आला तर बाबा आधी ब्रेक मारून एसटी डोंगराकडेला घेतात. मी लहानपणी म्हणायचे, तुम्ही का थांबलात, चूक त्याची ना? पण सर, बाबांना तो ट्रक दिसत असतो. इथे माझ्या पायलटला काहीच दिसत नाही. तो ढगात आहे. त्याच्या मते सगळं ठीक चाललंय. आणि मी त्याला एकदम म्हणायचं, सोड ते सगळं आणि वळ?"

"हो. आणि कारण न सांगता."

इथे सरांनी तिला शेजारच्या विमानाला हलवताना म्हणायचं ठरलेलं वाक्य म्हणायला लावलं. तिने ते पाठ केलेलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. ट्रॅफिक अलर्ट, विमानाचं नाव, डावीकडे ताबडतोब वळा, हेडिंग अमुक, चढा, उंची अमुक. त्यात शेजारी कोण, त्याने काय केलं, चूक कोणाची, यातलं एक अक्षर नाही. फार जवळच्या समांतर धावपट्ट्यांवरच्या अशा अप्रोचसाठी अमेरिकेत पायलटांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्यात हेच शिकवतात की हे शब्द कानावर पडले की ऑटोपायलट सोडायचा आणि हाताने विमान वळवायचं. प्रश्न नंतर.

"म्हणजे त्याने माझ्या नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर तुला शिकायला सहा महिने लागले तरी चालतील. पण तुझ्या आवाजात 'बघू, वळतोस का' असं चालणार नाही."

संध्याकाळी मेसच्या पायरीवर चहा घेताना सरांनी तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रात्रीबद्दल सांगितलं. तिथे ढग नव्हते, एनटीझेड नव्हता, मॉनिटर कंट्रोलर नव्हते. तरी ती गोष्ट याच धड्याची आहे, आणि ती खरोखर घडलेली आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या २८ डावी आणि २८ उजवी या समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर जेमतेम साडेसातशे फूट, म्हणजे २२९ मीटर. तेव्हा हवा स्वच्छ असली की दोन्हींवर जोडीने विमानं उतरत, पायलट शेजारच्याला डोळ्यांनी बघत. ढग आले की ही सोय जाई आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळपास निम्म्यावर येई. ७ जुलै २०१७च्या रात्री हवा चांगली होती, पण २८ डावी कामासाठी बंद होती. तिचे दिवे मालवलेले, टोकाशी प्रकाशाची मोठी फुली. टोरोंटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ हे विमान, एअरबस ए३२०, आत १४० माणसं, २८ उजवीवर उतरायला येत होतं. कॅप्टन एकोणीस तासांहून जास्त वेळ जागे होते. धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. दोन धावपट्ट्या दिसणार अशी मनाची तयारी, त्यामुळे जी उजवी होती ती त्यांना डावी वाटली. आणि तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे सी, म्हणजे विमानांनी धावपट्टीकडे जायचा रस्ता, त्यांना उतरायची धावपट्टी वाटला. उतरताना यंत्राचा आधार देणारी आयएलएसची फ्रिक्वेन्सी त्या रात्री लावलेली नव्हती.

त्या टॅक्सीवेवर चार विमानं एकामागे एक उभी होती. युनायटेडची तीन आणि फिलिपिन एअरलाइन्सचं एक, सिंगापूर, मनिला, सिडनी आणि ऑर्लंडोला निघालेली, टाक्या भरलेली. सगळी मिळून हजाराहून जास्त माणसं.

पायलटांना शंका आली नाही असं नाही. त्यांनी टॉवरला विचारलं की धावपट्टीवर काही दिवे दिसताहेत, उतरायची परवानगी पक्की आहे ना. टॉवरमध्ये त्या वेळी एकच कंट्रोलर टॉवर आणि ग्राउंड अशी दोन्ही कामं बघत होता. त्याने धावपट्टी पाहिली आणि सांगितलं, पक्की आहे, २८ उजवीवर तुमच्याशिवाय कोणी नाही. या उत्तराचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. २८ उजवीवर खरंच कोणी नव्हतं. ज्यांनी विचारलं, तेही त्या धावपट्टीच्या रेषेत नव्हते.

"आता त्या टॅक्सीवेवरच्यांचा विचार कर," सर म्हणाले. "ते योग्य जागी उभे होते, परवानगी घेऊन. त्यांच्या बाजूला काहीच चुकलं नव्हतं. तुझ्या भाषेत."

मुलीने मान खाली घातली नाही, ती पुढे ऐकत होती.

रांगेतल्या पहिल्या विमानाच्या कॉकपिटमधून युनायटेडच्या पायलटने रेडिओवर म्हटलं, हा कुठे चाललाय, हा टॅक्सीवेवर आहे. दुसऱ्या विमानातल्या फिलिपिन एअरलाइन्सच्या पायलटांनी आपले लँडिंग लाइट लावले. भरलेलं प्रचंड विमान त्यांना जागचं हलवता येत नव्हतं. हाताशी होते एक माइक आणि दिव्यांची बटणं, तेवढी त्यांनी वापरली. टॉवरने गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असं सांगितलं. वरच्या विमानाने त्याआधीच नाक उचललेलं होतं. पहिल्या विमानावरून ते शंभर फुटांवरून गेलं आणि दुसऱ्याच्या वर सगळ्यांत खाली आलं तेव्हा जमिनीपासून साधारण साठ फुटांवर होतं, म्हणजे अठरा मीटर. खाली उभ्या फिलिपिन एअरलाइन्सच्या ए३४०च्या शेपटीची उंची सुमारे १७ मीटर असते.

"सर, पण त्यांनी आधीच वर उचललं होतं ना? मग त्या बोलण्याचा, दिव्यांचा काही उपयोग झाला का?"

"काही सेकंदांतल्या गोष्टी आहेत या. कोणामुळे किती वाचलं, याचे वाटे करता येत नाहीत. पण तू हे बघ, खालच्या दोघांपैकी कोणी असं म्हटलं नाही की वरचा चुकलाय तर तोच बघेल, टॉवर बघेल. टॉवरने 'कोणी नाही' असं सांगितलेलं त्यांनी ऐकलं असेल. तरी जे दिसलं ते बोलले. आणि वरच्या पायलटने 'मला परवानगी पक्की मिळाली आहे' असं धरून खाली यायचं ठरवलं असतं, तर?"

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे वाहतूक सुरक्षा मंडळाने, या घटनेची चौकशी केली आणि २०१८ साली अहवाल दिला. पायलटांची चूक त्यात स्पष्ट लिहिली आहे, पण अहवाल तिथे थांबत नाही. महत्त्वाची सूचना कागदांच्या गठ्ठ्यात का बुडाली, थकव्याचं काय, विमान टॅक्सीवेच्या रेषेत आलंय हे ओळखून टॉवरला इशारा देणारी यंत्रणा का नाही, हे सगळं त्याने खणून काढलं. सॅन फ्रान्सिस्कोत त्यानंतर रात्री एक समांतर धावपट्टी बंद असेल तर दुसरीवर नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उतरायला देणं बंद झालं. रात्रीची गर्दी सरेपर्यंत टॉवरमध्ये दोन कंट्रोलर ठेवायचं ठरलं. टॅक्सीवेकडे येणारं विमान ओळखणारी सोय पुढे अमेरिकेतल्या विमानतळांवर आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात लिहिलेलंच आहे की अपघाताच्या चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी कोणाच्या माथी मारणं हा नाही. विमान वाहतुकीने हे वळण आपखुशीने घेतलेलं नाही. त्यासाठी फार माणसं गेली आहेत. आपल्याकडे पूल पडला, गर्दीत माणसं चेंगरली की पहिला प्रश्न असतो कोणाला निलंबित केलं, आणि त्याचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. परिशिष्टातल्या त्या वाक्याची आपल्याला फार गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी जागा बदलल्या. मुलीला पलीकडच्या खोलीत स्यूडो पायलट म्हणून बसवलं, डाव्या विमानाची. डाव्या धावपट्टीचा मॉनिटर म्हणून या वेळी तो मुलगा होता. पट्टा तिच्या पडद्यावर नव्हता, फक्त आपलं हेडिंग, उंची, वेग. धावपट्टीपासून साडेतीन मैलांवर ती अगदी रेषेत होती. कानात आवाज आला: ट्रॅफिक अलर्ट, डावीकडे ताबडतोब वळा, चढा. कारण नाही. तिची बोटं क्षणभर कीबोर्डवर थबकली. मग तिने विमान वळवलं, चढवलं, सांगितलेलं परत म्हणून दाखवलं.

उजवीकडचं विमान पट्ट्याच्या कडेला पोचलं आणि या खेपेला माघारी वळलं. सरांनी तसंच ठरवलेलं होतं.

मुलाचा चेहरा उतरला. "सर, मी उगाच वळवलं तिला. तो परत जातच होता."

"तू सांगितलंस त्या क्षणी तो परत जाणार हे तुला माहीत होतं?"

"नाही सर. सरळ पट्ट्याकडे येत होता."

"मग उगाच नाही. पुन्हा असं झालं तर पुन्हा वळव. दहा वेळा झालं तर दहा वेळा."

मुलाला ते पटलं की नाही कळलं नाही. तो सरांशी बोलू लागला की किती अंशांचा कोन दिसला तर थांबायचं, पडद्यावरची पुढच्या जागेचा अंदाज देणारी रेषा किती विश्वासाची. बाकीचे दोघं-तिघंही खुर्च्या सरकवून त्यांच्याभोवती जमले. चर्चा रंगली. सगळे त्या भरकटलेल्या विमानाबद्दल बोलत होते.

स्पीकरवर मुलीचा आवाज आला. पायलटच्या सुरात, पण मराठीत.

"सर, माझं विमान अजून त्याच हेडिंगवर चाललंय. उंची गाठलीय. मला कोणी काही सांगत नाहीये."

खोलीत एकदम शांतता झाली. सरांनी मुलाकडे पाहिलं. "अरे, ज्याने तुझं ऐकलं तो तिकडे एकटा उडतोय. जा, आधी त्याला अप्रोच कंट्रोलरकडे सोपव. आणि आता कारण सांग, आता वेळ आहे."

मुलाने घाईने हेडफोन चढवला. तिला नवं हेडिंग दिलं, अप्रोचची फ्रिक्वेन्सी दिली. सांगितलं की शेजारच्या अप्रोचवरचं विमान रेषा सोडून तुमच्याकडे येत होतं म्हणून वळवलं, तुम्हाला रांगेत तिसऱ्या क्रमांकावर घेतलंय. तिने सगळं परत म्हणून दाखवलं, फ्रिक्वेन्सी बदलली आणि विमान पुन्हा धावपट्टीच्या दिशेने वळवायला घेतलं.